अष्टकोनी घराचा हिशोब कुठे चुकतो

प्रश्न असा आहे: अमेरिकेत 1850 च्या दशकात आठ बाजूंची शेकडो घरं उभी राहिली आणि दहा-बारा वर्षांत ती बांधणं जवळपास थांबलं. तेवढ्याच लांबीच्या भिंतीत चौरसापेक्षा जास्त जागा मिळते हे गणिताने सिद्ध आहे, मग ही पद्धत टिकली का नाही? आणि असं जुनं घर दुरुस्तीला आलं तर आधी काय बघायचं? विचारणारा स्थापत्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून आकड्यांसकट उत्तर देते. मी न्यूयॉर्क राज्यात जुन्या घरांच्या जतनाचं काम करते. हडसन नदीच्या आसपास ही घरं आजही उभी आहेत, आणि मला ती मनापासून आवडतात.

आधी गणित. घराची प्रत्येक बाजू 20 फूट धरा. आठ बाजू मिळून 160 फूट भिंत झाली. तेवढ्याच भिंतीचा चौरस 40 बाय 40 चा, म्हणजे 1600 चौरस फूट. अष्टकोनाचं क्षेत्रफळ येतं सुमारे 1931. म्हणजे 331 चौरस फूट, वीस टक्क्यांहून थोडं जास्त, फुकटात मिळालं. लांबी रुंदीच्या दुप्पट असलेलं आयताकृती घर घेतलं तर तेवढ्या भिंतीत जेमतेम 1422 बसतात, त्याच्याशी ताडून पाहिलं तर फायदा आणखी डोळ्यात भरतो. पूर्ण गोल घेतला तर सुमारे 2037 मिळतात, पण गोल भिंत बांधायला गवंडी आणि सुतार दोघांच्याही नाकी नऊ येतात. गोलाचा बराचसा लाभ सरळ भिंतींत पदरात पाडून घेणारा आकार म्हणून अष्टकोन खरोखर हुशारीची निवड आहे.

आता त्याच अष्टकोनात खोल्या पाडून बघा. सगळ्यात साधी मांडणी म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन उभ्या आणि दोन आडव्या भिंती घालायच्या. मधोमध 20 बाय 20 चा चौरस मिळतो, त्याच्या चार अंगांना 20 बाय साधारण 14 च्या चार खोल्या मिळतात, आणि चार तिरप्या बाजूंना चार त्रिकोण उरतात. एकेक त्रिकोण 100 चौरस फुटांचा, चार मिळून 400. आपण कमावले होते 331. म्हणजे चौरसापेक्षा जितकी जागा जास्त मिळाली त्याहून जास्त जागा त्रिकोणांत अडकली. काटकोनातल्या खोल्यांची बेरीज केली तर ती 1531 भरते, साध्या चौरस घरापेक्षा 69 ने कमी! हे मी विद्यार्थ्यांना कागदावर स्वतः काढायला लावते, कारण सांगून कोणाला पटत नाही.

त्रिकोण अगदीच वाया जातात असं नाही. कपडे, अंथरुणं, फळीवरचे डबे, पुढे न्हाणीघर, यांसाठी ते वापरले गेले, आणि ज्या काळात अमेरिकन घरांत भिंतीतली कपाटं दुर्मीळ होती त्या काळात घरातल्या बायकांना त्यांचं मोल नक्कीच वाटलं असणार. पण 100 चौरस फुटांचं कपाट कोणाला लागतं? आणि त्रिकोणाच्या निमुळत्या टोकांत पंचेचाळीस अंशांचा कोन असतो. तिथे खाट बसत नाही, टेबल बसत नाही, केरसुणीही नीट पोचत नाही.

हा आकार घराघरांत नेणारा माणूस म्हणजे ऑर्सन स्क्वायर फाउलर. जन्म 1809 चा, न्यूयॉर्क राज्यातला. वास्तुरचनेचं शिक्षण त्याने घेतलं नव्हतं. कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगण्याची फ्रेनॉलॉजी नावाची विद्या तेव्हा जोरात होती, तिचा तो देशभर गाजलेला वक्ता आणि प्रकाशक. ती विद्या पुढे साफ खोटी ठरली. पण 1848 साली त्याने 'ए होम फॉर ऑल' नावाचं पुस्तक काढलं आणि त्यातली बांधकामाची तळमळ अस्सल होती. त्याचं म्हणणं असं की घर हे श्रीमंताचं मिरवणं नसावं, साध्या माणसाला स्वतःच्या हाताने, जवळ मिळेल त्या सामानातून, चांगलं घर बांधता यावं. कडेने चारी बाजूंना पडवी, मधोमध जिना, जिन्यावर काचेची छत्री (छपरावर उभा केलेला खिडक्यांचा लहान मनोरा), गरम हवा किंवा पाण्याने सगळं घर ऊबदार ठेवण्याची सोय, छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून नळाने खाली आणणं, घरातच शौचालय. 1848 साली हे लिहिणं म्हणजे काळाच्या पुष्कळ पुढे असणं होतं. फाउलरची फजिती झाली एवढंच सांगून पुढे जाणाऱ्यांशी मी नेहमी भांडते. घराच्या आत पाणी, उजेड आणि खेळती हवा हवी हा आग्रह त्याने ज्या जोमाने धरला तो आकारापेक्षा मोठा आहे.

1853 च्या सुधारित आवृत्तीत त्याने भिंतीची नवी पद्धत जोडली. विस्कॉन्सिनमधल्या मिल्टन गावी जोसेफ गुडरिच या माणसाने 1844 साली चुना, वाळू आणि खडी यांचा ओला गारा फळ्यांच्या साच्यात ओतून एक धर्मशाळावजा घर उभं केलं होतं. ते घर षटकोनी आहे आणि अजून उभं आहे. फाउलरने ते पाहिलं आणि तो भारावून गेला. विटा भाजायला नकोत, लाकूड तोडायला नको, पायाखालची खडी उचला आणि भिंत ओता. त्याने हडसनजवळ फिशकिल इथे स्वतःचं साठ खोल्यांचं घर याच पद्धतीने बांधलं. 1857 च्या आर्थिक अरिष्टानंतर ते भाड्याने गेलं, तिथे विषमज्वराची साथ आली, आणि शौचखड्ड्याचं पाणी त्या सच्छिद्र भिंतींतून झिरपल्याने ती पसरली असं मानलं गेलं. घर हातोहात फिरत राहिलं, पडीक झालं आणि 1897 साली सुरुंग लावून पाडलं गेलं. पद्धतीच्या प्रचारकाचंच घर असं गेलं, त्याचा लोकांच्या मनावर परिणाम झाला नसता तरच नवल.

याच काळात अष्टकोन ही जणू चळवळ झाली होती. 1856 साली हेन्री क्लब आणि त्याच्या शाकाहारी सोबत्यांनी कॅन्ससमध्ये अष्टकोनी आखणीचं अख्खं गाव वसवायचा घाट घातला होता. लोक पोचले तेव्हा तिथे घरं नव्हती, होते ते डास आणि ताप, आणि वसाहत लगेच मोडली.

पण फाउलरच्या चाळीस वर्षं आधी एका माणसाने कोपऱ्यांचा प्रश्न सुंदर सोडवला होता, आणि त्याचं घर मी प्रत्येक वेळी नमुना म्हणून दाखवते. थॉमस जेफरसनने अध्यक्षपदावर असतानाच, 1806 साली, व्हर्जिनियात पॉप्लर फॉरेस्ट इथे एकांतासाठी विटांचं अष्टकोनी घर बांधायला घेतलं. नकाशा बघा. बरोबर मध्यभागी जेवणघर, 20 फूट लांब, 20 रुंद आणि 20 उंच, म्हणजे शुद्ध घन, वरून छपरातल्या काचेतून उजेड. त्याच्या भोवतीच्या भिंती त्याने तिरप्या घेतल्या, त्यामुळे दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्या स्वतःच लांबट अष्टकोन झाल्या. त्रिकोण उरतच नाही. बाहेरचा एकशे पस्तीस अंशांचा कोन खोलीच्या आतही तसाच दिसतो, आणि डोळ्याला तो कोन चुकून आलेला न वाटता मुद्दाम घेतलेला वाटतो. जिने त्याने अष्टकोनाच्या बाहेर दोन बाजूंना काढले, म्हणून मधली जागा मोकळी राहिली. आतलं सुतारकाम जॉन हेमिंग्ज या कुशल कारागिराने केलं, आणि तो जेफरसनचा गुलाम होता. हे घर बघताना दोन्ही गोष्टी एकत्रच डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. 1845 च्या आगीत छप्पर गेलं, नंतरच्या मालकांनी आतलं बरंच बदललं, आणि गेल्या काही दशकांत ते विटेविटेने मूळ रूपात आणण्याचं काम झालं. जतनाच्या कामात हात घालायचा असेल तर त्या कामाचा अभ्यास जरूर करा.

जेफरसनच्या उत्तराची किंमत मात्र ओळखा. तिरप्या भिंती म्हणजे आतल्या प्रत्येक चौकटीला, प्रत्येक पट्टीला वेगळा कोन. ज्याच्याकडे हुकमी कारागीर आहेत त्यालाच हे परवडतं. फाउलरच्या वाचकाकडे एक गुण्या, एक ओळंबा आणि शेजाऱ्याचा मुलगा. त्याने आतल्या भिंती काटकोनातच घेतल्या, आणि त्रिकोण त्याच्या वाट्याला आले.

एक मधला मार्गही होता आणि कित्येक शहाण्या बांधणाऱ्यांनी तो घेतला. घराच्या मध्यातून फक्त दोन भिंती एकमेकींना छेदून घ्यायच्या. चार मोठ्या खोल्या होतात, प्रत्येकीचा एकच बाहेरचा कोपरा तिरपा छाटलेला. त्या तिरप्या भिंतीत खिडकी ठेवली की खोलीत उजेड तीन अंगांनी येतो. सकाळी एका खिडकीतून ऊन येतं, ते सरकत दुसरीतून आणि मग तिसरीतून येतं. अशा खोलीत पडदे सरकवून अर्धा दिवस बसून बघा, अष्टकोनाची खरी देणगी काय ते कळेल. भिंतीची बचत ही त्या मानाने किरकोळ बाब आहे.

तज्ज्ञसुद्धा ज्या प्रश्नाकडे कमी लक्ष देतात तो घराच्या मध्याचा. घर जितकं गोलाकडे झुकतं तितका त्याचा मध्य खिडक्यांपासून लांब जातो. फाउलरने तिथे जिना ठेवला आणि वर काचेची छत्री. आपल्या वाड्यातला चौक जे काम करतो तेच इथे अपेक्षित होतं, फरक इतकाच की चौक उघडा असतो आणि हा झाकलेला. उन्हाळ्यात छत्रीच्या झडपा उघडल्या की गरम हवा वर निघून जाते आणि घर छान गार राहतं. हिवाळ्यात मात्र तोच जिना धुराड्यासारखा ऊब ओढून घेतो आणि खालचे लोक कुडकुडतात. न्यूयॉर्कमधल्या आणि विस्कॉन्सिनमधल्या जुन्या घरांत जिन्याच्या तोंडाला नंतर बसवलेली दारं आणि छत्रीखाली ठोकलेली फळ्यांची छतं दिसतात, त्यामागे हेच कारण असतं. विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन इथलं जॉन रिचर्ड्सचं 1854 चं विटांचं घर आता संग्रहालय आहे. तिथला मधला गोल जिना खालपासून वरपर्यंत चढून बघावा असा आहे. एकाच जागेवरून उजेड, हवा, माणसं आणि पाणी चारही कशी फिरवली आहेत ते तिथे एका नजरेत समजतं.

आता मूळ प्रश्न, पद्धत थांबली का. 1857 चं अरिष्ट आणि 1861 चं यादवी युद्ध ही कारणं सगळीकडे दिलेली असतात आणि ती खरी आहेत. पण युद्धानंतर घरबांधणी पुन्हा जोरात सुरू झाली तेव्हा अष्टकोन परत का आला नाही? माझ्या मते उत्तर लाकडाच्या वखारीत आहे. 1830 च्या दशकात शिकागोत रुजलेली हलक्या, करवतीने कापलेल्या उभ्या पट्ट्यांच्या सांगाड्याची पद्धत रेल्वेबरोबर देशभर पसरली. कारखान्यात तयार होणारे खिळे स्वस्त झाले. भिंतीचं सामान स्वस्त झाल्यावर भिंतीची लांबी वाचवण्यात फारसं काही उरलं नाही. महाग झाली ती सुताराची मजुरी, आणि अष्टकोन नेमका तिथेच खातो. आठ कोपरे, छपराला आठ कोनवासे (कोपऱ्यापासून शिखराकडे तिरपे चढणारे वासे), प्रत्येक फळीच्या टोकाला तिरपा काप, प्रत्येक कापात तुकडा वाया. शिवाय कुटुंब वाढलं की आयताकृती घराला मागे दोन खण जोडता येतात, अष्टकोनाला काहीही जोडलं की ते ठिगळासारखं दिसतं.

याला पुरावा म्हणून मी गोठ्यांकडे बोट दाखवते. न्यूयॉर्क राज्यातल्याच इलियट स्ट्युअर्ट या शेतकऱ्याने 1870 च्या दशकात मोठा अष्टकोनी गोठा बांधला आणि त्याबद्दल लिहिलं. पुढची कित्येक वर्षं मध्य-पश्चिमेकडच्या राज्यांत तसे गोठे बांधले जात होते. घरांत मागे पडलेला आकार गोठ्यांत चालला, कारण गोठ्यात खोल्या पाडायच्या नसतात. मध्ये गवत, कडेने गुरं, डोक्यावर एकसंध छप्पर. तिथे तो वीस टक्क्यांचा लाभ पूर्ण हाती येतो. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या अष्टकोनी शाळाही याच कारणाने नीट चालल्या: एकच खोली, मध्ये शेगडी, भोवती मुलं.

आपल्याकडे असं काही आहे का, हेही विद्यार्थी हमखास विचारतात. अहिल्यानगरजवळचा निजामशाहीतला फराहबाग महाल आठ बाजूंचा आहे, आणि शहराबाहेरच्या डोंगरावरची सलाबतखानाची तीन मजली कबर, जिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, तीही अष्टकोनी आहे. पण इराणी आणि मुघल परंपरेत आठ बाजू बहुतेक वेळा समान नसतात. चौरसाचे चार कोपरे छाटून चार लांब आणि चार आखूड बाजू करतात, त्याला मुसम्मन बगदादी म्हणतात. ताजमहालाची मुख्य इमारत तशीच आहे. कोपरा छाटतानाच तिथे एक लहान अष्टकोनी दालन बसवलं की त्रिकोण जन्मालाच येत नाही. या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध जोडायला मात्र जाऊ नका, फाउलरची प्रेरणा वेगळी होती. तसंच नावावरूनही फसू नका. वॉशिंग्टनमधलं 'द ऑक्टॅगॉन' हे विल्यम थॉर्नटनने रचलेलं 1801 सालचं घर इतिहासात मोठं आहे, 1815 साली अध्यक्ष मॅडिसन यांनी ब्रिटनबरोबरच्या तहावर तिथेच सही केली, पण त्याला आठ बाजू नाहीत.

राहिला दुरुस्तीचा भाग. सगळ्यात आधी छपराच्या खाली, भिंतीच्या माथ्यावर जा. उतरतं छप्पर भिंतींना बाहेर ढकलतं. आयताकृती घरात समोरासमोरच्या भिंती तुळयांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. अष्टकोनात तो भार भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाने, कड्यासारखा, स्वतःवर घ्यायचा असतो. आठ ओंडके, आठ सांधे, आणि सांधा एकशे पस्तीस अंशांत. नेहमीचा काटकोनी सांधा इथे लागू पडत नाही, आणि ज्या सुताराने फक्त दोन टोकं भिडवून खिळे मारले त्याच्या घरात तो सांधा उघडलेला सापडतोच. टॉर्च धरून सांध्यात बोट घालून बघा. फट ताजी असेल तर आतलं लाकूड फिकट दिसतं, जुनी असेल तर धुळीने काळवंडलेलं. फिकट दिसलं तर घर अजून हलतं आहे, आणि आधी ते थांबवायचं, मग रंगाचा विचार करायचा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण न्यूयॉर्कमधल्या अर्व्हिंग्टनचं आर्मर-स्टायनर घर. 1860 च्या सुमारास बांधलेल्या या अष्टकोनावर चहाचे व्यापारी जोसेफ स्टायनर यांनी 1870 च्या दशकात भव्य घुमट चढवला. शंभर वर्षांनी त्याच्या रेट्याने घर बाहेर फाकायला लागलं होतं. 1978 साली वास्तुविशारद जोसेफ पेल लोम्बार्डी यांनी ते घेतलं आणि घुमटाला पोलादी कड्याने आवळून वाचवलं. मिसिसिपीतल्या नॅचेझचं लाँगवुड बघायला मिळालं तर अजिबात सोडू नका. कापसाच्या आणि गुलामांच्या श्रमाच्या पैशावर हॅलर नट याने 1860 साली हे प्रचंड अष्टकोनी घर सुरू केलं, रचना फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोनची. 1861 साली युद्ध पेटलं आणि उत्तरेतले कारागीर काम टाकून निघून गेले. तळघराच्या नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या, कुटुंब त्यांतच राहिलं, वरचे मजले आजही उघड्या विटा आणि उघड्या लाकडांचे आहेत. इतर घरांत गिलाव्याआड लपलेला सांगाडा, कोनवासे मधल्या गाभ्याला कसे भिडतात, तिरप्या भिंतीत चौकट कशी बसवतात, हे सगळं तिथे उघड दिसतं. नकाशांच्या ढिगापेक्षा तिथला एक तास जास्त शिकवतो.

माथा बघून झाला की मापं. फक्त बाजू मोजून थांबू नका. समोरासमोरच्या भिंतींमधली चारही अंतरं आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली चारही अंतरं घ्या, आणि तीच मापं पायाशी व माथ्याशी वेगवेगळी घ्या. पायाशी समान आणि माथ्याशी एका दिशेला जास्त असतील तर भिंत कुठे फाकते आहे ते लगेच कळतं. मग छत्रीच्या बुडाशी, जिथे ती छपराला मिळते, तिथले पत्रे तपासा. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते आणि पाणी कोनवाशावरून धावत कोपऱ्यात उतरतं, त्यामुळे डाग खाली दिसतो आणि दोष वर असतो.

आतली एकही भिंत हिशोब केल्याशिवाय काढू नका. घरमालकांना त्रिकोण उडवून मोठं स्वयंपाकघर हवं असतं आणि ती इच्छा मला समजते. पण या घरांत आतल्या भिंती समोरासमोरच्या बाजूंना धरून ठेवतात, त्या गेल्या की सगळा भार त्या आठ सांध्यांवर येतो. काढायचीच असेल तर आधी वरच्या मजल्याच्या पातळीवर पोलादी बंध घाला.

आणि घर चुना-खडीच्या ओतीव भिंतींचं असेल तर बाहेरून सिमेंटचा गिलावा करू देऊ नका, कंत्राटदार कितीही मागे लागला तरी. ती भिंत ओल घेते आणि सोडते, त्यावरच तिचं आयुष्य आहे. सिमेंटने ती ओल आत कोंडते, थंडीत गोठते, आणि चार-पाच हिवाळ्यांत गिलाव्यामागची खडी हाताने खरवडता येईल इतकी सुटते. चुन्याचाच गिलावा, पातळ थरांत, मधले थर पुरेसे वाळू देऊन, आणि पन्हळी दुरुस्त करून पाणी भिंतीपासून लांब नेल्यानंतरच करा.